झालं का?

माणसांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा माझी तयारी चोख होती, फक्त चुकीच्या प्रश्नांची. पहिला प्रश्न विचारला तो कमिटीवरच्या बाहेरच्या सदस्य बाईंनी. विषयाशी संबंध नसलेलं एक तरी सामान्य माणूस कमिटीत असावं असा दंडक असतो, त्या जागेवर त्या होत्या. अर्जाची पानं मागंपुढं करून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही लोकांशी खोटं बोलणार. ते का?"

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मला प्रयोग करायचा होता. प्रश्न साधा होता: चारचौघांत डावललं गेल्यावर माणसाची चिकाटी कमी होते का? डावललं जाण्याचा अनुभव प्रयोगशाळेत द्यायचा तर त्यासाठी 'सायबरबॉल' नावाचा एक तयार खेळ आहे. पडद्यावर तिघं जण एकमेकांकडे चेंडू टाकतात. त्यातले एक तुम्ही. उरलेले दोघं कुठंतरी बसलेली खरी माणसं आहेत असं तुम्हाला सांगितलेलं असतं, पण ते दोघंही प्रोग्रॅम चालवत असतो. एका गटाला चेंडू बरोबरीनं मिळत राहतो. दुसऱ्या गटाला सुरुवातीला एक-दोनदा मिळतो, मग ते दोघं आपसातच खेळत राहतात आणि तुम्ही बघत बसता. दोन-तीन मिनिटांचा मामला, पण लागतो. विल्यम्स, च्युंग आणि चोई यांनी २००० साली या पद्धतीचा जो पहिला मोठा अभ्यास छापला त्यात ६२ देशांतली १४००हून जास्त माणसं इंटरनेटवरून सहभागी झाली होती, आणि न दिसणाऱ्या, ओळख नसलेल्या दोघांनी चेंडू दिला नाही एवढ्यावरून त्यांना वाईट वाटलं होतं.

खेळानंतर माझ्याकडे एक कोडं होतं. कागदावर छापलेली आकृती पेन्सिल न उचलता, एकाच रेषेवरून दुसऱ्यांदा न जाता गिरवायची. आकृती मुद्दाम अशी निवडली होती की ते जमणारच नाही. माणूस किती वेळ झगडतो, ती त्याची चिकाटी. म्हणजे खोटं एक नव्हतं, दोन होती.

बाईंना मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "खोटं बोलल्याशिवाय हा परिणाम दिसणारच नाही." त्यांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं.

हे वाक्य मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. मला ते उघड वाटत होतं. निम्मे सहभागी होऊन गेल्यावर झॅड्रो, विल्यम्स आणि रिचर्डसन यांचा २००४चा पेपर हाती लागला. त्यांनी सहभागींना स्पष्ट सांगितलं होतं की समोर कॉम्प्युटर खेळतोय. तरीही चेंडू न मिळालेल्यांना वाईट वाटलंच. निदान पहिलं खोटं मला टाळता आलं असतं. निदान तसं करून बघता तरी आलं असतं. कमिटीपुढे मी जे ठाम विधान केलं तो एक न तपासलेला समज होता, आणि माझं काम सोपं व्हावं म्हणून तो मला बरा वाटत होता. पण हे सगळं नंतरचं.

कमिटीनं अर्ज परत केला. पहिला शेरा संमतीपत्रावर होता. मी लिहिलं होतं, 'सहभागी कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकतात.' शेरा असा: 'कोणाजवळ सांगून? सहभागी ज्या वर्गात शिकतात त्या वर्गाचं प्रात्यक्षिक तुम्हीच घेता ना?' खरं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं मी घ्यायचे आणि तीच माझ्या हाताशी होती. त्यांना प्रयोगात भाग घेण्याबद्दल थोडे गुणही मिळणार होते. त्यातल्या कुणी मध्येच उठून "ताई, मी जाते" म्हटलं असतं? मग बदल केला: माझ्या तुकडीतलं कुणी घ्यायचं नाही, आणि ज्याला प्रयोग नको त्याला तेवढ्याच गुणांचं, तेवढ्याच वेळात होणारं दुसरं काम द्यायचं.

दुसरा शेरा जास्त झोंबला. 'साठच सहभागी का?' आदल्या वर्षीच्या प्रबंधात साठ होते, हे खरं उत्तर. ते देता येईना म्हणून मी पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. दोन गटांतला फरक मध्यम आकाराचा आहे असं धरलं, आणि तो खरंच असेल तर सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी, तर प्रत्येक गटात ६४ लागतात. एकूण १२८. माझ्याकडे एक सत्र होतं, एक खोली होती, एक स्टॉपवॉच होतं. गाईड मॅडम म्हणाल्या, "एम.ए.चा प्रबंध आहे गं, पीएच.डी. नाही." साठच ठेवले. कमिटीनंही पुढे ताणलं नाही. आज मला वाटतं, ताणायला हवं होतं. साठ जणांना दुखावून उत्तर ना धड 'हो', ना धड 'नाही' असं येणार असेल, तर त्यांचा वेळ आणि मनस्ताप आपण कशासाठी घेतला? कमी माणसांना त्रास देणं म्हणजे जास्त नैतिक, असा सरळ हिशेब नसतो.

तिसरी दुरुस्ती मॅडमनी स्वतः केली. प्रयोगातला त्रास किरकोळ आहे हे पटवण्यासाठी मी मिलग्रमचा दाखला दिला होता. १९६१ साली येल विद्यापीठात सुरू झालेले ते विजेच्या झटक्यांचे प्रयोग: प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला झटके द्यायचे. झटके खोटे, पण देणाऱ्याला ते खरे वाटत होते. १९६३ साली छापलेल्या पहिल्या अहवालात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. पुढच्याच वर्षी डायना बॉमरिंड यांनी माणसांना असं वागवण्यावर कडक टीका केली. त्यावर मिलग्रमचं उत्तर होतं की नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याचा आनंद आहे असं कळवलं. हा आकडा मी अर्जात ठळक अक्षरांत घातला होता. मॅडमनी पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'विचारणारा कोण?'

मला कळायला जरा वेळ लागला. ज्याने त्यांना त्या खुर्चीत बसवलं, तोच नंतर विचारतोय की बरं वाटलं ना. आणि 'मी उगाच एका माणसाला छळलं' यापेक्षा 'मी विज्ञानाला मदत केली' हे स्वतःला सांगणं कुणालाही सोपं जातं. हे सगळं मला परीक्षेत लिहिता आलं असतं. अर्जात मात्र आकडा माझ्या बाजूचा होता, म्हणून चालून गेला.

दुसऱ्या खेपेला मंजुरी मिळाली. त्या दुसऱ्या अर्जात कमिटीला खूश करायला मी एक वाक्य टाकलं होतं: 'ज्यांनी खेळ अर्धवट सोडला किंवा कोडं सुरूच केलं नाही, केवळ त्यांचीच माहिती विश्लेषणातून वगळली जाईल.' अर्ज भरीव दिसावा म्हणून लिहिलेलं वाक्य. पुढे ते माझ्या गळ्यात पडलं.

भाषांतराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यात माझा एक महिना गेला. खेळानंतर भरायची प्रश्नावली इंग्रजीत होती. त्यातल्या 'आउटसायडर'ला मी पहिल्यांदा 'परका' लिहिलं. एका मैत्रिणीकडून तो मराठी मजकूर, मूळ न दाखवता, परत इंग्रजीत करून घेतला. ब्रिसलिननं १९७० साली मांडलेली ही उलट भाषांतराची पद्धत आता सगळेच वापरतात. तिचं 'परका' परतलं ते 'स्ट्रेंजर' होऊन. 'बाहेरचा' केलं तर परदेशी माणसाचा वास आला. शेवटी 'मी त्यांच्यातली नाही असं वाटलं' असं अख्खं वाक्य केलं, आणि लगेच मुलग्यांचं काय हा प्रश्न उभा राहिला. मग दोन छापील प्रती. एका शब्दापायी इतकं, तर जगभरच्या निष्कर्षांचं काय होत असेल? हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० साली हेच दुखणं मोठ्या पातळीवर मांडलं: मानसशास्त्र ज्याला 'माणूस' म्हणतं तो बहुतेक वेळा पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत समाजातला कॉलेजचा विद्यार्थी असतो. बाणांच्या टोकांमुळे सारख्या लांबीच्या रेघा लहानमोठ्या दिसतात तो म्युलर-लायर दृष्टिभ्रमसुद्धा सगळ्या समाजांत सारखा दिसत नाही, हे तर १९६६ सालीच छापून आलं होतं. आणि माझे सहभागी कोण? कॉलेजचे विद्यार्थी. तेही मानसशास्त्राचे.

मानसशास्त्राचे असल्यामुळे एक गंमत झाली. एकानं कोड्याचा कागद हातात घेतला, अर्धं मिनिट बघितला आणि पेन्सिल खाली ठेवली. "ताई, हे होणार नाही. विषम रेषा येऊन मिळतात असे चार बिंदू आहेत. दोनपेक्षा जास्त चालत नाहीत." बारावीपर्यंत त्याला गणिताचं वेड होतं. गणितज्ञ ऑयलरनं १७३६ साली क्योनिग्जबर्गच्या सात पुलांवरून जे सिद्ध केलं ते या पठ्ठ्यानं माझ्या तोंडावर फेकलं. माझ्या नोंदीत त्याची चिकाटी: ३१ सेकंद. तो चेंडू मिळालेल्या गटातला होता. या ३१ सेकंदांची गोष्ट पुढे परत येणार आहे.

आता मुख्य भाग. पहिल्या १८ जणांचे प्रयोग मी एकटीनं घेतले. खेळ मीच लावायचे, म्हणजे कोणाला चेंडू मिळणार आणि कोणाला नाही हे मला ठाऊक असायचं. मग तीच मी स्टॉपवॉच घेऊन कोड्याशेजारी बसायची. हे चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोझेन्थाल आणि फोड यांचा १९६३चा उंदरांचा प्रयोग मी दहा मार्कांसाठी लिहून आले होते: विद्यार्थ्यांना सांगितलं की काही उंदीर चक्रव्यूहात हुशार आहेत, काही मठ्ठ, उंदीर खरं तर एकाच माळेचे मणी, तरी 'हुशार' उंदरांनी जास्त चांगली कामगिरी केली. पण ते विद्यार्थी होते आणि ते उंदीर होते. मी स्टॉपवॉच वापरत होते. स्टॉपवॉचला काय पूर्वग्रह असणार?

माझी एक वर्गमैत्रीण बाहेरच्या बाकावर तिच्या प्रबंधाचे आकडे भरत बसायची. एके दिवशी सहभागी निघून गेल्यावर ती म्हणाली, "आत्ताचा डावललेला होता ना?" मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" "तुझ्या आवाजावरून. डावललेला असला की तू आजारी माणसाशी बोलतेस तशी बोलतेस." मी उडवून लावलं. पुढच्या तिघांच्या वेळी तिनं दाराबाहेरून अंदाज केला, तिन्ही बरोबर. तीनदा नाणं उडवूनही तीनदा छापा येतो म्हणा. पण माझी झोप उडाली ती उडालीच.

त्यानंतरच्या सगळ्यांसाठी आम्ही व्यवस्था बदलली. बंद पाकिटातून गट तिनं काढायचा, खेळ तिनं शेजारच्या खोलीत लावायचा, आणि सहभागी माझ्याकडे फक्त कोड्यासाठी यायचा. मला गट माहीत नाही. कमिटीला बदलाचं पत्र दिलं, ते मंजूर झालं. डावललेल्यांचे चेहरे कधीकधी बोलायचे, त्याला इलाज नव्हता.

प्रयोग संपल्यावर खरं काय ते सांगायचं काम मात्र माझंच होतं. याला डीब्रीफिंग म्हणतात, आणि पहिल्या अर्जात मी त्याची बोळवण एका ओळीत केली होती. कमिटीनं रॉस, लेपर आणि हबर्ड यांचा १९७५चा अभ्यास वाचायला लावला. त्यात सहभागींना एका कामात 'तुम्ही फार चांगले' किंवा 'फार वाईट' ठरलात असं खोटंच सांगितलं, मग ते खोटं होतं हेही सांगितलं. तरी लोकांच्या मनात स्वतःबद्दलचं ते मत बऱ्याच अंशी तसंच राहिलं. नुसतं 'ते खोटं होतं' म्हणून भागत नाही. मनात बसलेलं खोटं कसं टिकून राहतं हेही समजावून सांगावं लागतं. म्हणून मी प्रत्येकाला प्रोग्रॅम उघडून दाखवायचे: हे बघ, चेंडू कोणाकडे जाणार ते इथे आधीच लिहिलेलं आहे.

एक मुलगी होती. तिच्याबद्दल याहून जास्त ओळख सांगत नाही. दोन मिनिटांत तिनं कोडं सोडून दिलं. मी सांगितलं की पलीकडे कुणी नव्हतंच. ती हसली. "असू दे ताई, मला सवय आहे." मी परत सांगितलं. ती म्हणाली, "हो, तुम्ही असंच सांगणार ना. आधीही तुम्हीच सांगितलं होतं की तिकडे माणसं आहेत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एकदा खोटं बोलले होते, आता कोणत्या तोंडानं खरं बोलू? प्रोग्रॅम दाखवला, तिला स्वतःला तो चालवायला दिला, गट बदलून परत चालवला. चाळीस मिनिटं आम्ही बसलो. जाताना ती मोकळी वाटली, निदान मला तशी वाटली. समुपदेशकांचा नंबर असलेला कागद सगळ्यांना देत होते, तिलाही दिला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: माझी माहिती काढून टाका.

डीब्रीफिंगनंतरही माहिती मागे घेता येईल, ही अट कमिटीनं घातलेली होती. आणि तिची नोंद म्हणजे माझ्या गृहीतकाचं अगदी पुस्तकी उदाहरण होतं. डावललं, कोडं सोडलं, दोन मिनिटं. तिला फोन करून 'नाव कुठेच येणार नाही, राहू दे ना' असं गोड शब्दांत सांगावं हा विचार माझ्या मनात आला, आणि तो लगेच गेला असं मी म्हणणार नाही. तासभर तो घोळत होता. मग ओळ डिलीट केली. आलेले ६३, उरले ६२.

आणखी एक गोष्ट विचारायची होती, ती मी जवळजवळ टाळलीच होती: 'हा प्रयोग कशाबद्दल असेल असं तुम्हाला वाटलं?' मार्टिन ऑर्न यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलंय की प्रयोगातला माणूस चांगला सहभागी व्हायची धडपड करतो. त्यांनी लोकांना बेरजांचे ढीगभर कागद दिले, प्रत्येक कागद सोडवून झाल्यावर तो फाडून टाकायला सांगितलं, तरी लोक तासन् तास बेरजा करत राहिले. याच लेखात एका अलिखित कराराबद्दल आहे: सहभागी आपल्याला कळलंय हे सांगत नाही, कारण मग त्याचा वेळ वाया गेला असं होईल, प्रयोगकर्ता खोदून विचारत नाही, कारण मग त्याची नोंद वाया जाईल. मी विचारलं तेव्हा आठ जणांनी सांगितलं की समोर माणसं नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. त्यातल्या दोघांनी सायबरबॉल पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. "मग थांबवलं का नाही?" एक म्हणाली, "तुमचा प्रबंध आहे ना ताई, म्हटलं होऊ दे."

आकडे जमले. डावललेल्या ३१ जणांनी कोडं सरासरी दोन मिनिटं आधी सोडलं होतं. पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०६.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना हे दुःख कळणार नाही. ०.०५च्या आत आलं की निष्कर्ष 'सिग्निफिकंट', बाहेर राहिलं की काही नाही. ज्या मॅडमनी मिलग्रमच्या आकड्यावर रेघ मारली होती त्याच आता म्हणाल्या, "आउटलायर बघ जरा." म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे पडलेले आकडे. मी बघितले. चेंडू मिळालेल्या गटातले तिघं फार लवकर उठले होते, त्यातला एक आमचा ऑयलर. तिघांना काढलं. ०.०३.

मॅडमना मी दोष देत नाही. असंच करतात हे त्या असंच शिकल्या होत्या आणि माझं भलं व्हावं एवढीच त्यांची इच्छा होती. शिवाय ऑयलरला काढायला कारणही सज्जड होतं: त्याची चिकाटी मोजलीच गेली नाही, त्याचं गणित मोजलं गेलं. पण डावललेल्या गटात कुणाला भूमिती येत होती का, हे मी तपासलं होतं? तिकडे लवकर उठलेला प्रत्येक जण मला 'परिणाम' दिसत होता आणि इकडे लवकर उठलेला 'आउटलायर'. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी २०११ साली दाखवून दिलं की असे चार साधे, निरुपद्रवी वाटणारे पर्याय हाताशी ठेवले तर मुळात नसलेला परिणाम ६० टक्क्यांहून जास्त वेळा 'सापडू' शकतो. गंमत म्हणून त्यांनी एक ठरावीक गाणं ऐकल्यानं माणसाचं वय दीड वर्षानं कमी होतं असंही संख्याशास्त्राच्या चौकटीत 'सिद्ध' केलं. आकडे खोटे नव्हते. फक्त निवडून सांगितले होते.

आणि ते वाक्य होतं. 'केवळ त्यांचीच माहिती वगळली जाईल.' अर्जाच्या प्रतीवर माझी सही, कमिटीचा शिक्का. तिघांनीही खेळ पूर्ण केला होता, कोडं सुरू केलं होतं. ते वाक्य नसतं तर मी तिघांना काढलं असतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण तोपर्यंत मी तो तक्ता 'अंतिम' नावानं सेव्हही केला होता.

तिघं परत आत आले. ०.०६. मग मैत्रिणीचं ते वाक्य आठवलं आणि मी आकडे दोन भागांत पाडले: व्यवस्था बदलण्याआधीचे १८ आणि नंतरचे ४४. पहिल्या अठरांत दोन गटांतला फरक पाच मिनिटांचा. नंतरच्या चव्वेचाळीस जणांत पाऊण मिनिटाच्या आत, पी ०.५६. सगळा परिणाम त्या अठरांत होता, जेव्हा मला गट माहीत होता.

कोडं सोडवताना लोक स्वतःशी काय पुटपुटतात हे बघायचं म्हणून सगळ्यांचं ध्वनिमुद्रण होतं, अर्थात संमती घेऊन. हेडफोन लावून मी ते अठरा ऐकले. कोडं सोडवताना प्रत्येक माणूस मधूनमधून थांबतो. पेन्सिलीचा आवाज बंद होतो, एक उसासा येतो. चेंडू मिळालेल्यांच्या बाबतीत त्या शांततेत मी गप्प आहे. दहा सेकंद, पंधरा सेकंद, मग पेन्सिल परत चालू. डावललेल्यांच्या बाबतीत चार-पाच सेकंदांतच माझा आवाज येतो. मऊ, समजूतदार. "झालं का?"

आणि ते म्हणतात, "हो." काय म्हणणार?

हान्स नावाचा घोडा आठवला. बेरीज विचारली की खूर आपटून उत्तर देणारा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टनं शोधून काढलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर उचललं जातं आणि घोडा ते बघून थांबतो. त्याचा मालक लबाड नव्हता. आपण मान हलवतोय हे त्याला माहीतच नव्हतं. हे वाचताना आजवर मी घोड्याबद्दल विचार केला होता. हेडफोन कानाला असताना पहिल्यांदा मालकाबद्दल विचार केला.

एका मित्रानं सुचवलं, उलटं लिही: 'डावलल्यानं चिकाटी कमी होत नाही' हेच तुझं गृहीतक होतं असं दाखव, प्रबंध देखणा होईल. निकाल बघून मागाहून गृहीतक बेतण्याच्या या सवयीला नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली नाव दिलं, 'हार्किंग'. पण ४४ माणसांवरून 'परिणाम नाही' असंही ठामपणे म्हणता येत नाही. १२८चा तो हिशेब माझ्याच वहीत होता. मी दोन्ही आकडे लिहिले, विरामांच्या सेकंदांचा तक्ता दिला, आणि पहिल्या अठरांवर विसंबू नये असं लिहिलं. मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मसुदा परत आला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या होत्या, बाकी एकही खूण नव्हती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "मग यातून सिद्ध काय झालं?" मी म्हटलं, "डावलण्याबद्दल फारसं काही नाही, सर." ते म्हणाले, "हं." गुण ठीक पडले. छापायला कुठे पाठवला नाही. रोझेन्थालनीच १९७९ साली ज्याला फाइल ड्रॉवरचा प्रश्न म्हटलं, म्हणजे न जमलेले निकाल कपाटात पडून राहतात आणि जगाला फक्त जमलेले दिसतात, त्या कपाटात माझीही एक भर. २०१५ साली शंभर छापील अभ्यास पुन्हा करून बघितले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच सिग्निफिकंट निकाल आला, मुळात मात्र ९७ टक्क्यांत आला होता. ही बातमी आमच्या वर्गात मोठ्या धक्क्यानं सांगितली जायची. मला आता त्यात धक्का वाटत नाही.

संमतीपत्रात लिहिलं होतं, 'ध्वनिमुद्रण एक वर्षानं नष्ट केलं जाईल.' वर्ष भरलं तेव्हा मी अडले. तो फरक मीच निर्माण केला याचा एकमेव पुरावा ते आवाज होते. उद्या कुणी म्हटलं की सेकंदांचा तुमचा तक्ताही तुम्हीच कान लावून केलाय, गट माहीत असताना, तर? बरोबरच आहे की. त्याच मैत्रिणीला गाठलं. गटांची यादी लपवली, फायलींची नावं आकड्यांत बदलली आणि तिला अठराही विराम परत मोजायला लावले. तिचे सेकंद माझ्यापेक्षा थोडे वेगळे आले, फरकाची दिशा तीच. तिचा तक्ता माझ्या तक्त्याशेजारी चिकटवला. मग तिच्यासमोरच एकेक फाइल पुसली. शेवटची पुसताना तिनं विचारलं, "झालं का?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.